कुसुमला कोंडलं त्या दिवसानंतर

त्या दिवसांत मी प्रार्थना करणं सोडून दिलं होतं. देवासमोर उभं राहायची लाज वाटत होती.

साठचं दशक संपत आलं होतं. अंधेरीच्या एका प्राथमिक शाळेत मी दुसरीचा वर्ग शिकवत होते. वर्गात कुसुम नावाची मुलगी होती. हाक मारली तरी बघायची नाही, विचारलेला प्रश्नच परत म्हणायची. घंटा झाली की कान दाबून किंचाळायची. अशा मुलांना काय म्हणतात, हे आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं. शाळा तिला वेडी म्हणे. मीही मनातून तेच म्हणत होते.

शाळा-तपासणीच्या दिवशी तपासायला आलेल्या साहेबांसमोर तमाशा नको म्हणून मी तिला नकाशांच्या खोलीत कोंडलं. शाळेची घंटा त्याच खोलीच्या बाहेरच्या भिंतीला टांगलेली होती, हे माझ्या लक्षात आलं नाही. दार उघडलं तेव्हा तिचं कपाळ फुटलं होतं, दारावर रक्त होतं आणि ती अगदी गप्प होती. तिची आई आली आणि तिला घेऊन गेली. हेडमास्तर म्हणाले, "बाई, नाव कमी करून टाका." मला सुटल्यासारखं वाटलं, हेही कबूल करते.

आमच्या ख्रिस्ती गावठाणात क्रुसापाशी संध्याकाळी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, चालायची. मी लांब उभी राहायचे. एके दिवशी सगळे गेल्यावर तिथेच रडू फुटलं. मासळी विकून परतणारी एक अनोळखी बाई टोपली उतरवून पायरीवर बसली.

"काय झालं गो बाय?"

मी सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "माझी बहीण अशीच होती. तिला बोलवायचं नाय. बाजूला बसून राहायचं. आवाज होणार असंल तर आधी सांगायचं."

"आता कुठे असते?"

"नाय ती. हे आम्हाला उशिरा कळलं."

टोपली उचलून ती गेली. पुन्हा कधी दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी मी कुसुमच्या घरी गेले. आई घरोघरी भांडी घासायला जायची, म्हणून जाताना लेकीचा पाय लुगड्याच्या पट्टीने खाटेला बांधायची. मला पाहून आईने एवढंच विचारलं, "परत कोंडाल काय?" मी खाली बसले. शाळा सुटल्यावर रोज जाऊन बसत राहिले. तीन आठवड्यांनी कुसुमने स्वतःहून माझ्या पदराचा काठ बोटांनी चाचपला.

मी गळ घातल्यावर हेडमास्तरांनी तिला पुन्हा वर्गात मधल्या सुट्टीपर्यंत बसू दिलं. शिपाई घंटेआधी सांगायला दारात यायचा. मी कानांवर हात ठेवायचे, तीही ठेवायची. किंचाळणं पुष्कळ कमी झालं. वाचायला मात्र ती शिकली नाही, आणि दार बंद झालं की थरथरायची. ते मी दिलेलं होतं. पुढच्या जूनमध्ये तिच्या वडिलांचं काम सुटलं आणि ते लोक साताऱ्याकडे निघून गेले.

ती बाई त्याच संध्याकाळी तिथे का टेकली, याचा खल मी करत नाही. तिला धाडणाऱ्याचे उपकार मानते. पूर्वी मी 'या मुलीला सुधार' असं मागायचे. आता काही मागत नाही. रोज कुसुमचं नाव घेऊन तिला प्रभूच्या हाती देते, आणि मला क्षमा मिळाली की नाही, तेही त्याच्यावरच सोडते.