चितेगावची यशोगाथा आणि तिचे भाष्यकार

माझा मित्र अनंत व्यवस्थापनशास्त्राचा सहयोगी प्राध्यापक. नवी संगणकप्रणाली आली की कंपन्या ती कशी स्वीकारतात, हा त्याचा विषय. प्रणाल्या जुन्या होतात, अनंताचे शोधनिबंध होत नाहीत. प्राध्यापकपदाची मुलाखत आठवड्यावर आली, तेव्हा त्याला आपल्या लाडक्या यशोगाथेचे ताजे फोटो हवे झाले. मला ‘वेरूळ दाखवतो’ म्हणून गाडीत घातलं. भाबडेपणा हा आम्हा संस्कृतवाल्यांचा स्थायीभाव.

पुण्याहून नगर रस्त्यानं जाणार असाल तर पहाटे निघा. उजाडलं की तो रस्ता उरत नाही, वाहनतळ होतो. मुक्काम वेरूळच्या अलीकडच्या शहरात, क्रांती चौकाजवळ केला. सकाळी चुरमुऱ्यांची सुशीला खाल्ली, शंभराच्या नोटेत दोघांचं भागलं. वेरूळ मंगळवारी बंद असतं, हे तिथं कळलं. वार मंगळवारच होता.

मग पैठण रस्त्यानं चितेगाव. तिथला खोक्यांचा कारखाना अनंताच्या वर्षा नावाच्या जुन्या विद्यार्थिनीचा. त्याच्या सल्ल्यानं तिनं प्रणाली बसवली, आणि त्या प्रणालीवर त्यानं कारकीर्द. संगणकखोली माणसांनी गच्च पाहून अनंत मोहरला.

“बघ पंडित, वापर वाढलाय!”

“व्हय सर,” सुपरवायझर गायकवाडमामा म्हणाले, “इथं एसी हाय ना. जेवायला लई बरं.”

स्क्रीनखाली डबे उघडे होते.

वर्षानं चहा मागवला. “सर, पुढच्या महिन्यात बंदच करतेय. डिंकाच्या हातानं स्क्रीन कोण दाबणार? नोंदी कधीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर होतात.”

अनंताचा चेहरा उतरला. “मुलाखतीपुरती तरी चालू दाखव ना, वर्षा.”

“दाखवते की. डबे तेवढे फोटोपुरते हलवू का, सर?”

समोरच्याचं म्हणणं पुरतं मांडता आल्याशिवाय आमचे पाठशाळेतले गुरुजी आम्हाला तोंड उघडू देत नसत. व्यवस्थापनशास्त्रात ही अट नसावी. अनंतानं चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाला, “राहू दे डबे. मामा, जरा सरकता का?”

तो त्यांच्यात जेवायला बसला, मागोमाग मीही. त्यानं प्रश्न विचारले आणि, मी प्रथमच पाहिलं, उत्तरासाठी थांबलासुद्धा. ठेचा लागून डोळ्यांतून पाणी आलं, तरी उठला नाही.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, “वेरूळ कसं होतं?” मी ठेच्याचं वर्णन केलं. खरंच, या प्रवासातलं तेवढंच अजून जिभेवर आहे.

प्राध्यापकपद दुसऱ्याला मिळालं. अनंतानं फोनवर सांगितलं तेव्हा आवाज मात्र निकाल विसरल्यासारखा होता. समितीपुढे त्यानं डब्यांसकट फोटो ठेवला होता. एका सदस्यानं विचारलं, “म्हणजे तुमचा निष्कर्ष चुकला?”

“एका ठिकाणचा,” अनंत म्हणाला होता. “बाकीच्या ठिकाणी अजून जेवायला बसलो नाही.”