झाकणाखालचं फडकं

भद्रावतीच्या फॅक्टरी कॉलनीत केक म्हणजे गुणाबाईच्या ओव्हनमधला. ओव्हन जळाला तसा लेकाने मंद आचेवर शिजवणारा विजेचा स्लो कुकर आणून दिला, पण त्यावर तिचा हात बसेना. शेजारची नलू तो आधीपासून वापरायची. तिने सांगितलं, दूध निम्मं घाला, अडीच तास ठेवा, मधे झाकण उघडू नका. गुणाबाईने सगळं तसंच केलं, तरी केक दरवेळी वरून चिकट. नलू तुकडा चाखायची आणि हळहळायची, "वयानं हात बिघडते, बाई." गुणाबाईलाही ते पटलं. मग कॉलनीतल्या वाढदिवसांचे केक नलूच्या घरून जाऊ लागले.

काल ती नलूकडून आणलेला केकचा साचा परत द्यायला गेली. नलू मागे कपडे वाळत घालत होती. ओट्यावर कुकर चालू होता, आणि झाकणाखाली एक फडकं ताणून त्याची टोकं वर बांधली होती. वाफेचं पाणी फडक्यात जिरत होतं, केकवर थेंब पडत नव्हता.

नलू आत आली.

"हे मले काऊन नाई सांगितलं?"

"तुमी कुठी इचारलं?"

गुणाबाईने फडक्याचं टोक उलटून पाहिलं. त्यावर निळा मोर होता. नलूच्या पोरीच्या बारशाला गुणाबाईने दिलेल्या दुपट्यावर तो तिनेच भरला होता.