कासमचाचांचा कान

कासमचाचा गाडी बघायचे ती डोळे मिटून. स्क्रूड्रायव्हर उलटा धरायचा आणि त्याच्या लाकडी मुठीने पत्र्यावर ठोकत जायचं. मान कलती, ओठ घट्ट. टण, टण, टण. मग मध्येच धप्प. तिथे थांबायचे, खडूने फुली मारायचे आणि म्हणायचे, "हय मेलो पत्रो." वरून रंग लखलखीत असायचा. मालक हुज्जत घालायचा. चाचा तेवढाच रंग खरवडून दाखवायचे. खाली पत्रा पापडासारखा मोडायचा. मालक किल्ली ठेवून जायचा.

तळेऱ्याच्या तिठ्यावरून देवगडकडे वळलं की डाव्या हाताला त्यांची शेड. आमच्या किनाऱ्यावर गाड्या म्हाताऱ्या व्हायच्या आधीच कुजतात. खारा वारा आहेच, वर डिकीतून ठिबकणारं मासळीचं पाणी. गंजाचं काम करणारे आणखीही होते. भोकावर पुट्टी थापून, रंग मारून दोन दिवसांत गाडी हातात देणारे. चाचा कुजलेला पत्रा कापत कापत चांगला पत्रा लागेपर्यंत मागे जायचे आणि मग नवा तुकडा जोडायचे. पंधरा दिवस लागायचे. घाई केली की ऐकवायचे, "पुट्टी म्हणजे मेलेल्या माणसाक पावडर. तीच लावची आसात तर दुसरीकडे जा."

माझी त्यांची ओळख भांडणातूनच झाली. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले आणि फंडाच्या पैशातून त्यांनी जुनी पांढरी मोटार घेतली. रोज सकाळी ते ती विहिरीच्या पाण्याने धुवायचे. आमची विहीर खाडीला लागून, पाणी मचूळ. पाचच वर्षांत दरवाजे खालून झडायला लागले. चाचांनी ठोकून बघितलं, मग पाणी कुठलं ते विचारलं, आणि भडकले. "आबानु, गाडी धुतास की मिठात घालतास? सुको बांगडो करूचो आसा काय हिचो?"

आबा खजील झाले. मला मात्र राग आला. मी हायस्कुलात क्लार्क, मुख्याध्यापकांनाही तोंडावर सुनावणारी. गावात मला तिखटजाळ म्हणतात. "म्हाताऱ्या माणसाशी बोलायची ही रीत?" म्हणून मी चाचांना फाडफाड बोलले. ते हसले. म्हणाले, "बरा केलंस गो चेडवा. ज्याच्या मनात गंज नाय, तोच असो बोलता." त्या दिवसापासून आमचं जमलं. दरवर्षी पावसाळा सरला की गाडी त्यांच्याकडे न्यायची, हे ठरूनच गेलं. आबांची नजर अधू झाल्यावर गाडी मी चालवायला लागले, आबा शेजारच्या सीटवर. धुणं मात्र त्यांनी सोडलं नाही. पाणी बदला म्हटलं तर म्हणायचे, "नळाचा पाणी पिवक पुरणा नाय, गाडीक खयसून?"

गेली दोन-तीन वर्षं चाचांशी बोलताना आवाज चढवावा लागत होता. चाळीस वर्षं हातोडा आणि ग्राइंडर कानाशी. दुसरं काय होणार! चाची दारातून जेवायला हाका मारून थकायची. मी चिडवलं तर म्हणाले, "कान माझे बरे आसत. लोकांच्याच आवाजात दम रवलो नाय." मी हसले. काय मेली अक्कल माझी!

गेल्या वर्षी गाडी नेली तेव्हा शेडमध्ये आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती. चाचांनी सतरंजी उचलून आतली जमीन ठोकायला घेतली. टण, टण. आबांच्या सीटच्या पायाशी आले आणि मला स्वच्छ ऐकू आलं, धप्प. चाचा थांबले नाहीत. पुढे गेले. टण, टण. मी तोंड उघडलं. त्या दोन गिऱ्हाइकांकडे बघितलं. एवढ्या मोठ्या कारागिराला चारचौघांत सांगायचं, की चाचा, तुम्हाला ऐकू आलं नाही? सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत तिठ्यावर झालं असतं, कासमचाचा बहिरा झाला. आणि कान गेला तर त्यांच्याकडे राहणार काय होतं? मनाला समजावलं, मलाच भास झाला असेल. चाचा उठले, हात पुसले. "बरी आसा. ने."

दीड महिन्याने आबांना घेऊन कसालला आत्याकडे चालले होते. हायवेवर अचानक म्हैस आडवी आली. मी करकचून ब्रेक मारला. म्हैस वाचली. आबांची सीट मात्र पायासकट उखडली आणि आबा पुढे आदळले. खुब्याचं हाड मोडलं. एसटी चालवताना ज्यांनी कधी कुणाला धक्का लागू दिला नाही, ते आबा खाटेला लागले ते आजतागायत उठलेले नाहीत. आता उठणारही नाहीत.

आठवड्याने चाचा आले. आबा त्यांना म्हणाले, "कासम, चूक माझी. मीयाच धुतलंय." चाचांना ते ऐकू आलं की नाही, कोण जाणे. ते अंगणात गेले. टोचन करून, दोरखंडाने ओढत आणलेली गाडी तिथेच उभी होती. सत्तरीचा माणूस, दार उघडून आत वाकला आणि सीटच्या जागी पत्र्यात बोट घातलं. बोट आरपार गेलं. मग मला म्हणाले, "त्या दिवसा तू बाजूक होतंस. तुका आयकाक इल्ला?"

मला खोटं बोलता आलं असतं.

"इल्ला," मी म्हटलं.

"मगे बोललंस कित्याक नाय?"

"माणसं होती, चाचा. तुमचा मान..."

ते पायरीवर बसले. ओरडले नाहीत. "माका बहिरो म्हटला असतंस तर काय झाला असता गो? शेड बंद पडली असती. मी घराक बसलंय असतंय. आबानु तरी चालते रवले असते."

त्याच आठवड्यात त्यांनी शेड बंद केली. हत्यारं भंगारात घातली, कुणाला दिली नाहीत. तळेऱ्याच्या बाजारात कधी भेटतात. मी जवळ जाऊन म्हणते, "चाचा, मला माफ करा." हळू म्हणते, कारण ते ओरडून सांगायला जीभ उचलत नाही. ते कानाशी हात नेतात, वाकतात, विचारतात, "काय म्हणतंस?"

तीन वेळा झालं असं. तिन्ही वेळा मी म्हटलं, काही नाही चाचा, आबा बरे आहेत.