आवाका

दिनांक १९ जून १९९४, रविवार. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे. इंदापूर तालुक्यातील शेळगाव, शाळेच्या पटांगणातला मंडप. दहावी उत्तीर्ण झालेल्या मुलामुलींचा गुणगौरव. मी व्यासपीठावर उभा होतो. हातांत नवे घोंगडे होते. ध्वनिक्षेपकावरून आमचे उपसरपंच मला सांगत होते, "तात्या, जरा दमानं घाला. फोटोवाल्याकडं त्वांड करा."

मी तोंड केले.

आमच्या भागात पुढारी आला की धनगराने त्याच्या खांद्यावर घोंगडे घालायचे, हातात काठी द्यायची, कवेत कोकरू द्यायचे, असा प्रघात पडला आहे. पुढारी घटकाभर मेंढपाळ होतो. छायाचित्र निघाले की कोकरू खाली, काठी बाजूला. धनगर जिथे होता तिथेच राहतो.

त्या दिवशीचे प्रमुख पाहुणे एका शिक्षण संस्थेचे संचालक होते. पणदऱ्याकडचे बागायतदार. कालव्याच्या वरच्या अंगाला त्यांचा ऊस. त्यांचे नाव लिहीत नाही. माझ्या कागदावर त्यांना तेवढी जागा द्यावी, असे मला वाटत नाही.

माझी मुलगी अलका शाळेत पहिली आली होती. तिला अकरावीला सायन्स घ्यायचे होते, बारामतीला. तिथले मुलींचे वसतिगृह या संचालकांच्या संस्थेचे. उपसरपंच मला आधीच म्हणाले होते, "घोंगडं तुमच्या हातनं घालू. सायेब खूश झालं की वसतिगृहाचं काम तितंच व्हतंय." मी त्यासाठीच घोंगडे घेऊन गेलो होतो.

ते विकतचे नव्हते. आमच्याच काळ्या मेंढ्यांची लोकर, अलकाच्या आईने कातलेली. सणगराने विणले, चिंचोक्याची खळ दिली. आमच्या घरी घोंगडे सहसा देत नाहीत. ज्याला दिले तो घरचा. दिलेले परत घेत नाहीत. घेतलेच, तर त्या माणसाशी घराचा संबंध संपला. माझ्या हयातीत कोणी परत घेतलेले मी पाहिले नव्हते.

छायाचित्र निघाले. संचालकांनी कोकरू अंगापासून लांब धरले होते, ते आधी सोडले. मग मान खाजवली आणि घोंगडे काढून ड्रायव्हरकडे फेकले. "टोचतंय लेकाचं," म्हणाले. मंडप हसला. घोंगडे नवे असताना टोचतेच.

मग अलकाला वर बोलावले. मानचिन्ह दिले. संचालकांनी ध्वनिक्षेपक हातात घेतला.

"काय व्हायचंय बाळ तुला?"

"इंजिनियर."

"वा. कशाची?"

"कालव्याची. पाटबंधारे खात्यात जायचंय."

"कालव्याचं काय बिघडलंय गं?"

"आमच्या पाळीचं पाणी वरच्या अंगालाच मुरतंय. ते कुठं मुरतंय, ते बघायचंय मला."

बायकांच्या बाजूने हसू उठले. शेळगाव काय, वरकुटे काय, कालव्याच्या शेपटाकडच्या गावांत पाणी कुठे मुरते हे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. व्यासपीठावरून कोणी बोलत नाही, इतकेच. तिने ते चिडून म्हटले नव्हते. विचारले म्हणून सांगितले होते.

संचालकही हसले. माझ्याकडे वळले. "तात्या, मेंढरं मुकी असत्यात. पोरगी न्हाय तुमची."

आता पुरुषांच्या बाजूने हशा. मग ते मंडपाशी बोलू लागले.

"पालकहो, आता जो उठतो तो इंजिनियर म्हणतो. झेपाय नको? मेंढरामागं फिरल्याल्या घरानं एकदम कालव्याकडं बघू नये. आवाक्यातलं बघावं. तात्यांचा थोरला आयटीआय झालाय. चांगलंच हाय की. पोरीला शिवणकाम हाय. संस्थेकडनं हिला मी शिलाई मशीन जाहीर करतो. मग वसतिगृह तरी कशाला पायजे?"

टाळ्या पडल्या. पहिली टाळी मुख्याध्यापकांची. अलकाला गणित त्यांनीच शिकवले होते.

मी टाळी वाजवली नाही. मला एक ओटा आठवत होता.

मी चौथी उत्तीर्ण झालो त्या साली आमची मेंढरे पणदऱ्यात याच संचालकांच्या वडिलांच्या रानात बसायला होती. रात्री कळप रानात बसवायचा, लेंड्यांचे खत रानाला, बदल्यात आम्हाला धान्य. शाळेचे गुरुजी त्यांच्या घराच्या ओट्यापाशी आले. म्हणाले, हा मुलगा पुढे शिकवण्यासारखा आहे. माझे वडील खाली मातीत बसले होते. उत्तर ओट्यावरून आले. "मेंढक्याच्या पोरानं झेपंल तेवढंच शिकावं. ह्यो मामलेदार झाला तर माझ्या रानात मेंढरं कोण बसवील?" माझे वडील हसले. हात जोडून हसले. रानात मेंढरे बसवायची की नाही, हे त्या ओट्यावर ठरत असे.

माझी शाळा तिथे संपली. पुढचे जे काही वाचले, ते मेंढरांमागे वाचले.

ओट्याच्या जागी व्यासपीठ आले होते. शब्द तोच. आमच्या घराचा आवाका दोन्ही वेळा त्यानेच मोजला, ज्याला आमच्याकडचे काही हवे होते; तेव्हा खत, आता घोंगड्यातले छायाचित्र. आणि दोन्ही वेळा आमच्यापैकी एक जण हात जोडून होता. पहिल्या वेळी माझे वडील. या वेळी मी.

"तात्या, आभाराचं दोन शबुद बोला," उपसरपंचांनी ध्वनिक्षेपक माझ्या हातात दिला.

धूळ बसावी म्हणून पटांगणात टँकरने पाणी मारले होते. सगळीकडे चिखल झाला होता. व्यासपीठामागे संचालकांची जीप उभी होती, दार उघडे. साहेबांच्या जोड्यांचा चिखल गाडीला लागू नये म्हणून ड्रायव्हर पुढच्या सीटसमोर, पाय ठेवायच्या जागी घोंगडे अंथरत होता. नीट बसावे म्हणून त्याने ते पायाने दाबले. त्याचे दोन्ही पाय त्यावर उमटले.

मी ध्वनिक्षेपक टेबलावर ठेवला. तो शिट्टी मारत राहिला. मी खाली उतरलो, जीपपाशी गेलो, घोंगडे ओढले. ड्रायव्हर घाबरला. "सायेबच म्हणालं, टाक पायाखाली म्हणून." त्याच्यावर माझा राग नव्हता. त्याचा आवाकाही कोणीतरी मोजून दिलेला असणार.

घोंगडे खांद्यावर टाकले. चिखलाची बाजू वर. पुन्हा व्यासपीठावर चढलो.

"माझं घोंगडं नेतो," मी म्हणालो. "मशीन तुमचं तुमी न्या."

संचालक बसूनच राहिले. "दिल्यालं परत घेत्यात व्हय धनगरात?"

"न्हाय घेत. आज घेतलं."

त्यांनी आवाज खाली आणला. "तात्या, वसतिगृहातली जागा माझ्या शब्दावर हाय. पोरीकडं बघा जरा."

"तिच्याकडंच बघतोय."

अलका मानचिन्ह घेऊन उभी होती. तिने विचारले, "हे ठेवू का हितं?"

"ते तुझं हाय. घे. चल."

आम्ही निघालो. मंडपातून आमच्यामागे एकही माणूस उठला नाही. उठेल असे मला वाटलेही नव्हते. जेवण व्हायचे होते.

घरी अलकाच्या आईने खांद्यावरचे घोंगडे पाहिले. चिखल पाहिला. वाळत घालायला दोरी बांधून दिली.

दुपारी उपसरपंच मोटारसायकलवरून आले. खाटेवर बसले नाहीत.

"काय करून बसलासा तात्या हे? सायेब अजून इंदापुरातच हायेत. घोंगडं साफ करा, संध्याकाळी जाऊन घालून या. मी बोलतो त्यास्नी."

"साफ करणार हाय. घालणार न्हाय."

"मान तुमचा ऱ्हाईला, वर्ष पोरीचं गेलं. ह्यो हट्ट तिचा का तुमचा?"

प्रश्न बरोबर होता. त्या दिवसात त्या माणसाने विचारलेला एवढाच प्रश्न बरोबर होता. मी अलकाला बाहेर बोलावले. "ह्यांना सांग."

ती उंबऱ्यात उभी राहिली. "वसतिगृह न्हाय तर न्हाय. दादाच्या खोलीवर राहीन."

"येवढ्याशा खोलीत सायन्स व्हतंय व्हय पोरी?"

"मेंढराच्या वाड्याशेजारी दहावी झालीच की, काका."

उपसरपंचांनी मोटारसायकलला किक मारली. ती तिसऱ्यांदा लागली. जाताना म्हणाले, "गुणांवर लिस्टात नाव न्हाय लागलं, तर माझ्याकडं येऊ नगा."

दादा म्हणजे माझा थोरला, दत्ता. बारामतीच्या एमआयडीसीत टर्नर. आयटीआयला तो स्वतःच्या मनाने गेला. दहावीनंतर मी त्याला कॉलेज म्हणालो होतो, तो म्हणाला, "मला लेथ पायजे." लेथवर काम करताना त्याचा चेहरा मी पाहिलेला आहे. तो माणूस कशाला तरी मुकला आहे, असे त्या चेहऱ्यावर कुठेही दिसत नाही. म्हणून संचालकांच्या त्या "चांगलंच हाय की"ची मला अधिक किळस आली. त्यांनी माझ्या मुलाच्या आवडीचे माझ्या मुलीसाठी कुंपण केले.

आयटीआय थोर आहे, हाताचे काम थोर आहे, असे सांगणाऱ्यांची मला चांगली ओळख आहे. त्यांच्या घरात कोणाच्याही नखात ग्रीस नसते. संचालकांचे चिरंजीव देणगी भरून इंजिनियरिंगला होते. वर्षे पुढे जात होती, चिरंजीव दुसऱ्या वर्षाला थांबले होते. सुट्टीत गावी येत, जीप फिरवत. त्यांना कोणी मंडपात उभे करून झेपते का, असे विचारले नाही. त्यांच्यासाठी कोणी शिलाई मशीन जाहीर केले नाही. हाताचे काम एवढे थोर असेल तर त्याचे पहिले दान त्यांच्या घरी पडायला हवे होते.

जे टाळ्या वाजवत होते, त्यांच्याबद्दलही माझे मत लपवण्याचे मला कारण नाही. त्यांतल्या निम्म्यांच्या मुली मागच्या रांगेत बसल्या होत्या. वडिलांच्या टाळ्या त्यांनी ऐकल्या. आपली किंमत किती, ते त्यांना घरच्याच माणसांच्या हातांतून कळले.

कोणी कॉलेजात जावे, कोणी लेथवर उभे राहावे, कोणी मेंढरे राखावीत. तिन्हींत मला कमीपणा दिसत नाही. ज्याचे आयुष्य, त्याने ठरवावे. न झेपल्यास त्यानेच भोगावे. आधी वाट अडवायची आणि मग वास्तवाचे भान शिकवायचे, या धंद्याला मी मार्गदर्शन म्हणत नाही.

हे मी सांगितले की लोक विचारतात, मग झाली का मुलगी इंजिनियर? मी उत्तर देत नाही. ती झाली असेल तर मी शहाणा आणि झाली नसेल तर संचालक खरे, असा हिशेब त्यांना मांडायचा असतो. ती अकरावीत नापास झाली असती तरी त्या दिवशी मी घोंगडे ओढलेच असते. तिच्या यशावर माझा नकार मी टांगून ठेवलेला नाही.

त्या दिवशी संध्याकाळी घरात ठरले ते एवढे. उद्या पहाटेच्या एसटीने बारामती. कोणाची चिठ्ठी न्यायची नाही. गुणांवर नाव लागले तर अकरावी सायन्स. नाही लागले तर इंदापूर, तिथेही नाही तर आणखी कुठे; पण विषय ती म्हणेल तोच. राहणे दत्ताच्या खोलीवर. पहिले वर्ष तिची आई सोबत राहील. मेंढरे, माळवे आणि माझी भाकरी मी बघेन. आणि माझ्या घरातले घोंगडे यापुढे कोणत्याही व्यासपीठावर जाणार नाही. ते अद्याप गेलेले नाही.

घोंगड्यावरचा चिखल ओला असताना धुवायचा नसतो, आत मुरतो. तो वाळू द्यायचा आणि झटकायचा. जूनच्या उन्हात दिवस मावळेपर्यंत तो खडखडीत वाळला होता. मी दोरीवरून घोंगडे काढले, अंगणात चार वेळा आपटले, पायांचे ठसे गळून पडेपर्यंत काठीने झोडले. घडी घातली. दत्ताच्या खोलीत फरशी आहे, थंडीत अंथरायला लागेल, म्हणून अलकाच्या पत्र्याच्या ट्रंकेत तळाशी ठेवले. वर तिची पुस्तके, तिचे कपडे. ट्रंकेची कडी तुटलेली होती. पक्कड घेतली आणि कडीच्या जागी दुहेरी तार पिळून बसवली.