तीन बोटांचं परराष्ट्र धोरण

काका डाव्या हाताची तीन बोटं वर करायचे आणि एकेक मिटत जायचे. "जीभ. पाकीट. काठी. राष्ट्राकडे हत्यारं तीनच, आणि वापरायची ती याच क्रमानं."

लंडनमधल्या एजवेअरच्या लायब्ररीत शनिवारी सकाळी वर्तमानपत्रांच्या टेबलाशी आम्ही चार-पाच मराठी माणसं जमायचो. इराकवर हल्ला होणार की नाही, याची तेव्हा साऱ्या जगाला चिंता होती. काकांनी तो प्रश्न केव्हाच निकालात काढला होता. ते कुठे परराष्ट्र खात्यात होते असं समजू नका. काउन्सिलच्या पार्किंग विभागात अठ्ठावीस वर्षं गाड्यांवर दंडाची तिकिटं लावून ते रिटायर झाले होते. पण त्यांचा आवाज ऐकला असतात तर तुम्हीही उठून उभे राहिला असतात. पाठीमागे आम्ही त्यांना मंत्रीच म्हणायचो.

एकदा शेजारच्या इंग्रजाची हेज, म्हणजे झुडपांचं कुंपण, काकांच्या बागेत झुकली. आधी जीभ: 'ग्रेव्ह कन्सर्न' व्यक्त करणारं टाईप केलेलं पत्र. मग पाकीट: दरवर्षी दिवाळीला त्याच्याकडे जाणारं चकल्यांचं ताट बंद. काठीची, म्हणजे मोठ्या कात्रीची पाळी येण्याआधीच त्यानं हेज छाटली. पत्र त्यानं जाहिरात समजून फेकून दिलं होतं आणि चकल्या इतकी वर्षं त्याचा कुत्रा खात होता. काका मात्र मला म्हणाले, "पाहिलंस? निर्बंधांचा परिणाम."

इथवर हसण्यावारी नेता आलं असतं. पण हीच बोटं त्यांनी घरातही मोजली. एकुलत्या एक मुलीनं न विचारता इंग्रज मुलाशी रजिस्टर लग्न केलं आणि लंडनबाहेर ब्रॅकनेलला संसार थाटला. जीभ चालवून झाली, मग निर्बंध आले. फोन नाही, जाणंयेणं नाही, घरात तिचं नाव घ्यायचं नाही.

"आधी तिनं यायचं आणि सॉरी म्हणायचं," काका म्हणायचे. "पहिलं पाऊल टाकतो तो हरतो."

माझं ऑफिस ब्रॅकनेललाच होतं. मुलीला बाळ झालं तेव्हा काकूंनी डिंकाच्या लाडवांचा डबा गुपचूप माझ्या हातात दिला. नेमके काका दारात आडवे आले. पिशवीत डोकावले, झाकण उघडून पाहिलं.

"अन्न आणि औषधं निर्बंधांतून वगळलेली असतात," ते म्हणाले. "ने."

"मग बाकीचं पण उठवा ना, काका."

"सवलत वेगळी, धोरण वेगळं."

मग काकांचा तो नियम मुलीला सांगून मी महिन्या-दोन महिन्यांनी डबे पोचवू लागलो. परत आलो की काकूंचा एकच प्रश्न असायचा, "कोणासारखी दिसते रे ती?" शेवटी मी नातीचा एक फोटो आणून दिला. तो त्यांनी साबुदाण्याच्या डब्यात लपवला, कारण फोटो काही अन्नात बसत नाही. नातीला एकदा मांडीवर घ्यायचं, एवढंच त्या बाईला हवं होतं. माझ्यादेखत त्यांनी विचारलं, "अहो, मी एकटीच जाऊन येते. तुम्ही नका येऊ."

"आणखी सहा महिने," काका म्हणाले. "ती वाकत आली आहे."

ही बातमी त्यांना कोणत्या हेरानं दिली, देव जाणे. मी काकूंना हळूच म्हटलं, चला, मी गाडीनं नेतो. "ह्यांनी हो म्हटलं की जाऊ," त्या म्हणाल्या. तेव्हाच त्यांना हाताला धरून गाडीत बसवायला हवं होतं.

त्याच सुमारास टेबलाशी कुणीतरी बातमी वाचून दाखवली, की निर्बंध लादलेल्या एका देशात इस्पितळांपर्यंत औषधं पोचतच नाहीत. "सुक्याबरोबर ओलंही जळतं," काका पान उलटत म्हणाले. मला त्यांचा भयंकर राग आला, आणि खरं सांगायचं तर तो अजून पुरता गेलेला नाही.

तिसऱ्या वर्षी नोव्हेंबरात काकूंचं हृदय बंद पडलं. हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. क्रेमेटोरियमला मुलगी आली, लेकीला कडेवर घेऊन. काका दाराशी ताठ उभे होते. अजून सॉरीची वाट पाहत होते, हे मी शपथेवर सांगेन. मुलगी त्यांच्यासमोरून सरळ शवपेटीपाशी गेली आणि लेकीला म्हणाली, "धिस इज आजी."

पुढे दोनेक महिन्यांनी एका शनिवारी काकांनी माझ्यासमोर टेबलावर तो फोटो ठेवला. त्याला साबुदाण्याची पूड लागली होती.

"हा तू आणलास?"

"हो."

त्यांनी फोटोवरची पूड बोटानं पुसली. मग म्हणाले, "मला ब्रॅकनेलला सोडशील?"

पुढच्या रविवारी आम्ही निघालो. लाडू त्यांनी स्वतः केले होते. पाक बिघडला होता आणि डब्यात निम्मा भुगाच होता. मी गाडीची काच खाली करून समोरच थांबलो. मुलीनं दार उघडलं. काका काहीतरी पुटपुटले. त्यात 'सॉरी' होतं, ते मी ऐकलं. तिनं पिशवी घेतली, डब्याचं झाकण उघडून पाहिलं.

"फूड इज एग्झेम्प्ट, बाबा. तुमचाच रूल आहे ना?"

आणि तिनं दार लावून घेतलं.

परत येताना काका रस्त्याकडे बघत होते. "अगदी माझ्यावर गेली आहे," ते म्हणाले. हे कौतुक होतं की आणखी काही, मला ठरवता आलं नाही.

त्यानंतर शनिवारी टेबलाशी त्यांची खुर्ची रिकामी राहू लागली. ते ट्रेननं ब्रॅकनेलला जायचे, डबा द्यायचे, आणि दार लागलं की परत यायचे. एके दिवशी त्यांनी आमच्या घरी फोन करून माझ्या बायकोला विचारलं, डिंकाच्या लाडवाला गुळाचा पाक कितपत होऊ द्यायचा.

"हिला माहीत होतं," ते म्हणाले. "मी कधी विचारलंच नाही."