शरफूभाईंचा शेवटचा धोंडा

"अब्बा गेले, काका..." नाझियाचा फोन आला तेव्हा मी मासळीबाजारात तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, निवडत होतो. नाझिया ही आमच्या शरफूभाईंची मुलगी. हातातल्या तिसऱ्या परत टोपलीत टाकल्या आणि तसाच घरी आलो. डोळ्यांपुढे रियाध उभं राहिलं. तेलाच्या पैशावर शहर रोज वाढत होतं, ते दिवस. अल सुलैच्या यार्डात आम्ही दोघे पाइप फिटर. मी गुहागरचा, ते जयगडच्या खाडीकाठचे.

मी नवा होतो, घरच्या आठवणीने कासावीस. "एवढी वाळू आणि समुद्राचा पत्ता नाही, हा कसला मुलूख!" अशी माझी रोजची कुरकुर. एका शुक्रवारी नमाजाहून आल्यावर ते म्हणाले, "यल्ला, चल सदा, तुला समुद्र दाखवतो." पिकअप काढली आणि नेलं कुठे, तर शहराबाहेरच्या कड्याखाली. नुसते धोंडे! मी भडकलोच, "गरिबाची थट्टा करताय होय?" ते आपले हसत वाकून शोधतायत. आजूबाजूच्या खडकापेक्षा वेगळा, गोल गरगरीत धोंडा बघायचा, त्याच्या पोटावर बारीक रेघ आहे का, कुठे शिंपल्याची कड डोकावतेय का ते पाहायचं. मग रेघेवर छिन्नी धरून हलकेच ठोका. धोंडा उकलला आणि आत तिसरी! दगडाची, पण अंगावरची एकूण एक रेषा जागच्या जागी. "घे, आपलाच समुद्र. आपल्याआधी येऊन गेला." खोटं कशाला सांगू, मला रडूच फुटलं.

फोडलेला धोंडा नाकाला लावायचा, ही त्यांची रीत. "सुक्या मासळीचा वास येतोय बघ!" अख्खा कॅम्प धोंडा हुंगायचा आणि त्यांना वेड्यात काढायचा. सुट्टीवर जाताना बॅगेत साबण, अत्तर आणि एक न फोडलेला धोंडा ठरलेला. तो घरी रुकय्याभाभींसमोरच फोडायचा. भाभी हुंगून म्हणायच्या, "कसला वास नि कसलं काय! दारात खरा समुद्र पडलाय, आणि हे दगड घेऊन येतात." परत आले की मला सांगताना शरफूभाई हसायचे, पण आतून खट्टू व्हायचे. "सदा, एवढी वर्षं मी कुठे राहिलो, ते तिला एकदा तरी कळू दे रे..."

शरफूभाईंच्या चाळिसाव्या दिवसाला गेलो. भाभी इद्दतीत; नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस परक्या पुरुषासमोर यायचं नाही, म्हणून आतल्या खोलीत पडद्याआड. तिथूनच म्हणाल्या, "भाऊ, शेवटच्या खेपेचा धोंडा बॅगेतच राहिलाय. त्यांचे हात थरथरायला लागले, मग फोडलाच नाही. तुम्ही फोडा." नाझियाने तो आणून दिला. मी पडवीत बसलो, रेघ शोधली, ठोका दिला. दोन भाग झाले. आत काही नव्हतं. कोरा दगड! मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू... शरफूभाईंचा हा शेवटचा धोंडा, आणि तोच रिकामा निघावा? नाझियाने एक अर्धा उचलून आत नेला.

आतून भाभी म्हणाल्या,

"येतो हो भाऊ, वास येतो."

"समुद्राचा?" मी विचारलं.

"नाही... हे सुट्टीवर यायचे आणि बॅग उघडायचे ना, तो."

थोड्या वेळाने नाझिया पुन्हा बाहेर आली. भाभींनी दुसरा अर्धाही मागवला होता.