ठाणेदाराला जोडीदारीण

मोताळ्यात बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत केसरबाई हिवराळे राहतात. एकतीस वर्षं त्यांनी अंगणवाडी चालवली. आज गल्लीत मिशीवरून हात फिरवत जाणारी निम्मी माणसं त्यांच्या हातची सुकडी खाऊन वाढलेली आहेत. अख्खी गल्ली त्यांना नुसतं 'बाई' म्हणते. नवरा लवकर गेला, मुलगा संघर्ष शिकून पुण्याला नोकरीला लागला, आणि निवृत्तीनंतर घरात उरले दोघंच, बाई आणि त्यांचा कुत्रा.

बाईंची एक खोड गल्लीला ठाऊक होती. चेहऱ्यावरची रेघही हलू न देता त्या थाप मारत. अंगणवाडीत एखादं पोट्टं उपमा खाईना, तर त्या गंभीरपणे सांगत, "नको खाऊस बापा. याच्यानं मिशी लवकर येते." ताटली दोन मिनिटांत साफ व्हायची.

कुत्र्याचं नाव ठाणेदार. तांबूस रंगाचा, वासराएवढ्या अंगाचा. पिल्लू असताना तो उंबऱ्यात पाय फाकवून बसायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला असा निरखायचा, की माणूस आपणहून सांगे, "बाईकडं आलो, साहेब." आठ वर्षं त्यानं गल्ली सांभाळली. त्याची एकच मैत्रीण होती, शेजारच्या कय्यूमभाई गादीवाल्याची शेळी, बिजली. दुपारभर दोघं कापसाच्या ढिगाला टेकून पडलेली असत.

मग कय्यूमभाईंच्या मुलीला, राबियाला, बाळ झालं. बाळाला शेळीचं दूध हवं म्हणून बिजली डोणगावला राबियाच्या सासरी गेली. त्या दिवसापासून ठाणेदाराचं मन उडालं. भाकरी तशीच पडून राही. तो शेळीच्या रिकाम्या खुंट्यावर हनुवटी टेकून बसे, आणि गल्लीत अनोळखी माणूस शिरलं तरी एक डोळा उघडून पुन्हा मिटे. एकदा तर भंगारवाला बाईंची घमेली उचलून निघाला होता. ठाणेदारानं त्याला वाट करून दिली.

जनावरांच्या डॉक्टरांनी तपासलं, पोट दाबलं, दात पाहिले. "आजार काही नाही. एकटा पडलाय. सोबत आणा याला. पण लहान चणीचं आणा, या वयात बरोबरीचं आणलं तर रोज मारामारी होईल."

संघर्षनं फोनवर आणखी भर घातली. "आई, मादी आण. आणि एकदम घरी आणू नको. आधी दुसऱ्याच जागी भेट घडव. ठाणेदारालाच ठरवू दे."

"म्हंजे पोरगी पाह्याले जाचं म्हन ना सरळ," बाई म्हणाल्या.

आणि त्यांनी तो कार्यक्रम अगदी तसाच केला. ठाणेदाराला आंघोळ घातली, गळ्यात नवी पट्टी बांधली. कय्यूमभाईंचा छोटा हत्ती टेम्पो होताच, गाद्या पोचवायला घेतलेला. शेळी आपणच पाठवली याची कय्यूमभाईंच्या मनाला टोचणी होती, म्हणून ते एका शब्दात तयार झाले. बाईंनी पिशवीत दंडघेराची जुनी पट्टीही टाकली. लेकराच्या दंडाला गुंडाळली की ते कुपोषणाच्या लाल-पिवळ्या रंगात आहे की धडधाकट हिरव्यात, हे सांगणारी. निवृत्त होताना त्या ती परत करायला विसरल्या होत्या. निदान त्यांचं म्हणणं तसं होतं.

पहिलं स्थळ गावाबाहेरचं. नारायणरावांच्या शेतावर कुत्रीनं पाच पिल्लं घातली होती. नारायणरावांनी एक काळं पिल्लू पुढं केलं. "हे घ्या बाई. याची जातच बुटकी. यवढंच राह्यते."

बाईंनी पिल्लाचा पंजा हातात घेतला. पंजा पिल्लाचा नव्हता, वाघाचा होता. त्यांनी पायाला पट्टी गुंडाळून पाहिली, मान हलवली. "लेकरू हिरव्यात हाये. याची माय कुठी हाये, नारायणराव?"

"माय? ते... गावाले गेली."

तेवढ्यात सोयाबीनच्या कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, ढिगामागून एक कुत्री उठली. उठतच राहिली. उभी झाली तेव्हा ती ठाणेदारापेक्षा चार बोटं उंच होती.

"आली वाट्टे गावाहून," बाई म्हणाल्या. "प्रवासानं दमली दिसते बिचारी."

ठाणेदार तोवर गाडीत चढून बसला होता.

दुसरं स्थळ बुलढाण्याचं. घाट चढून गेल्यावर कॉलनीत मंजुश्रीताई म्हणून एक बँकेतल्या मॅडम होत्या. त्यांची बदली झाली होती आणि त्यांना आपल्या पांढऱ्याशुभ्र, केसाळ स्वीटीसाठी चांगलं घर हवं होतं. स्वीटी सोफ्यावर बसली होती. ठाणेदाराला तिथंच तिच्यासमोर आणलं, तर तिनं असा काही आवाज काढला, की आठ वर्षं नोकरी केलेला हा अधिकारी शेपूट पोटात घालून थेट छोट्या हत्तीच्या खाली गेला.

"तिला सकाळी उकडलेलं चिकन लागतं," मंजुश्रीताई मागोमाग बाहेर येऊन सांगत होत्या. "आणि उन्हाळ्यात एसीशिवाय झोपत नाही."

"एसी हाये ना आमच्याकडं," बाई ठामपणे म्हणाल्या. "कडूलिंबाचा हाये. पन बिघडत नाई." मग त्यांनी खाली वाकून गाडीखाली पाहिलं आणि निःश्वास टाकला. "काय सांगू ताई. आमच्या पोराले पोरगी पसंत हाये. पन तो म्हन्ते, शिकलेली हाये, माह्यासारख्यासंगं नांदणार नाई."

कय्यूमभाईंनी गळ्यातला रुमाल तोंडात कोंबला. पार राजूर घाट उतरेपर्यंत ते हसत होते.

तिसरं स्थळ कोणी सुचवलेलं नव्हतं. कय्यूमभाईंना शेगावला एका लॉजवर आठ गाद्या पोचवायच्या होत्या. बाई म्हणाल्या, "ठाणेदाराले हवा लागन," आणि दोघं बरोबर निघाले. शेगावला पोचल्यावर कय्यूमभाई गाद्या वर नेऊ लागले. बाई लॉजच्या ओट्यावर बाकावर बसल्या, गरम कचोरी घेतली, तिच्या कवचाचा तुकडा मोडून ठाणेदारापुढं धरला. त्यानं तोंड फिरवलं. तुकडा जमिनीवर पडला.

बाकाखालून एक कुत्री बाहेर आली. मातकट रंग, एक कान उभा, दुसरा मोडलेला, आणि पाय इतके आखूड की पोट रस्ता झाडत चाललं होतं. तिनं ठाणेदाराच्या थेट नाकाखालून तुकडा उचलला. पळाली नाही. दोन पावलं मागं सरकली, त्याच्याकडं पाहत पाहत चावू लागली.

ठाणेदाराच्या गळ्यात महिन्याभरानं पहिल्यांदा गुरगुर उमटली. तिनं ती ऐकून घेतली, पाठीवर लोळली, चारही पाय वर केले, आणि तशीच उलटी पडून चावत राहिली. ठाणेदार उठला. तिला हुंगलं. मग बाईंकडं वळून त्यानं उरलेली कचोरी मागितली.

बाईंनी ती सगळी त्याच्यापुढं ठेवली. स्वतः त्यांनी अजून एक घासही खाल्ला नव्हता.

लॉजचे मॅनेजर अकीलभाई काउंटरवरून धावत आले. "पसंत आली का बाई? घेऊन जा! आत्ताच घेऊन जा!" त्यांनी कुत्रीची ताटली आणली, दोरी आणली, वर बिस्किटांचे दोन पुडे दिले, आणि गाडीपर्यंत तिला स्वतः उचलून नेलं. इतक्या घाईनं दिलेल्या लेकीबद्दल कोणालाही शंका यावी.

"खोड काय हाये हिले?" बाईंनी विचारलं.

"खोड? अजिबात नाही. फक्त वस्तू जमा करायची आवड आहे."

बाईंना हा विनोद वाटला. घरी जाईस्तोवर त्यांनी नावही ठरवलं. अंगणवाडीवर पूर्वी एक सुपरवायझर यायच्या. न सांगता यायच्या आणि प्रत्येक डब्यात डोकावायच्या. ही तशीच. म्हणून हिचं नाव मॅडम.

ठाणेदार भाकरी खाऊ लागला. दुपारी दोघं कय्यूमभाईंच्या कापसात पडू लागली, मॅडम त्याच्या पाठीवर. आठ दिवस आनंदात गेले. मग गल्लीतल्या चपला जाऊ लागल्या.

जोड जात नसे. एकच जाई. समोरच्या सुवर्णाची नवी सँडल, विहारातल्या वर्गाला आलेल्या पोरांच्या स्लिपरा, दूधवाल्याचा गमबूट. "डाव्याच पायाचा चोर हाये बे कोनी," अशी चर्चा चालली. एकमेकींवर संशय घेऊन सुवर्णा आणि तिची जाऊ यांचं आठवडाभर बोलणं बंद झालं. कोणी बाईंना विचारलं तर त्या म्हणत, "कोल्हा असंन. थंडीत त्याच्या पायाले गार लागते."

त्यांनाही खरंच ठाऊक नव्हतं. मग एका दुपारी त्या चाळणी घ्यायला मागच्या दारात आल्या आणि जागीच उभ्या राहिल्या. मॅडम एक मोठा बूट ओढत होती आणि तो काही तिला ओढवत नव्हता. तिनं थांबून वर पाहिलं. ठाणेदार, आठ वर्षं गल्लीची राखण केलेला ठाणेदार, पुढं झाला, बुटाचं दुसरं टोक तोंडात धरलं, आणि दोघं मिळून बूट घेऊन कय्यूमभाईंच्या शेडमध्ये शिरली.

बाई चाळणी तोंडावर धरून हसल्या. इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. मग त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, कोणी बघत नव्हतं, आणि त्या घरात जाऊन गप्प राहिल्या. कुत्रं महिन्याभरानं जेवत होतं. त्याचा आनंद असा लगेच पकडून द्यायला त्यांचं मन होईना. उद्या सांगू म्हणत दोन दिवस काढले.

तिसऱ्या दिवशी सत्यभामाबाईंच्या अंगणातून ओरडा ऐकू आला. सत्यभामाबाई म्हणजे शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका. कंबर धरलेली, म्हणून त्यांनी कय्यूमभाईंकडून मुद्दाम नवी गादी करून घेतली होती.

"कंबरेत रुतते, कय्यूम! काय भरलंस यात? सरकी?"

गल्ली गोळा झाली. कय्यूमभाईंचा चेहरा उतरला होता. तीस वर्षांत त्यांच्या कापसाला कोणी नाव ठेवलं नव्हतं. "सरकीचा दाना निंगाला तर मी धंदा सोडून देतो, म्याडम," म्हणत त्यांनी सगळ्यांसमोर टाके उसवले, आत हात घातला, चाचपला, आणि ओढून बाहेर काढली ती सत्यभामाबाईंचीच, डॉक्टरांनी सांगून घेतलेली, डाव्या पायाची मऊ सँडल.

सगळे वाकून त्या सँडलकडं पाहू लागले. मग मागून एकजण म्हणाला, "म्हंजे चपला कय्यूमभाईच..."

बाईंच्या ओठावर थाप तयार होती. गादीची बाजू उघडी ठेवून ते जेवायला जातात, तेव्हा कोणी खोडसाळपणा केला असेल, एवढं म्हटलं की भागलं असतं. पण त्यांनी कय्यूमभाईंकडं पाहिलं. मान खाली घालून ते उसवलेले टाके पुन्हा घालू लागले होते.

"कय्यूमभाऊनं नाई," बाई म्हणाल्या. "माह्या घरच्यानं केलं. दोघंबी हायेत त्यात. मले परवापासून ठाऊक हाये."

"परवापासून?" सुवर्णा किंचाळली. "अन कोल्हा म्हनत होत्या!"

"कोल्हा त्याच्या आधीचा वो."

शेडमध्ये कापसाच्या गठ्ठ्यांमागं तेवीस पायताणं निघाली. लोकांच्या कपाळावरच्या आठ्या काही केल्या उतरेनात. तेव्हा बाईंनी विहारासमोर ताडपत्री अंथरली, सगळी पायताणं पसरली आणि टाळी वाजवली. "चला, बसा सगळे. जोडी लावाचा खेळ. ज्याची आधी लागन त्याले मुरमुऱ्याचा लाडू."

त्या टाळीवर लहानपणी बसलेली माणसं सवयीनं खाली बसली. दूधवाल्यानं गमबूट ओळखला, सुवर्णाच्या हाती चुकून जावेचीच सँडल लागली, ती तिनं जावेपुढं ढकलली आणि जाऊबाई हसली. सत्यभामाबाई खुर्चीवरून नियम सांगू लागल्या. कय्यूमभाईंना लाडू दोन मिळाले, त्यांची एकही चप्पल हरवलेली नसताना.

नंतर बाई घरोघर फिरल्या. प्रत्येक दाराशी जमिनीपासून दोन हात उंचीवर स्वतः खिळा ठोकला आणि चपला पिशवीत घालून टांगायला सांगितलं. मॅडम त्या पिशव्यांखाली उभी राहून मान मोडेपर्यंत वर बघायची.

तिचं तोंड तिथवर पोचत नव्हतं. ठाणेदाराचं पोचत होतं, हे गल्लीच्या लक्षात यायला चार दिवस लागले.